नदीकाठी दोन रात्री: कॅरव्हान, दोन मुलं आणि सासूबाई. जागा कशी निवडावी?

दोन_पिल्लांची_आई
९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात धायरीला राहतो. नाताळच्या सुट्टीत दोन रात्री नदीकाठी नाहीतर धरणाकाठी मुक्काम करायचं घरात ठरतंय. हॉटेल नको, यावर पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालंय. ओळखीतून एक कॅरव्हान भाड्याने मिळते आहे. ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली, आत चौघांची झोपायची सोय, छोटा ओटा आणि टॉयलेट. चालक मिळणार नाही, हेच चालवतील. शिवाय आमचा एक तंबू आहे. कॉलेजातला भाचा आमची छोटी गाडी घेऊन मागून येईल आणि तंबूत झोपेल.

माणसं सहा. आम्ही दोघं, भाचा, नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई. त्यांचं वय ७१ आहे, गुडघे दुखतात. त्यांचं माहेर नदीकाठचं. लग्नानंतर नदीकाठी रात्र काढलीच नाही, असं त्या परवा सहज बोलून गेल्या. खरं तर हा सगळा बेत त्या एका वाक्यावरून सुरू झाला.

इथे विचारण्याचं कारण गेल्या जानेवारीतला अनुभव. एका धरणाच्या काठावर तंबूंचं पॅकेज घेतलं होतं. फोटोत पाणी, डोंगर, दोन-तीन तंबू. प्रत्यक्षात उतारावर एकाला एक लागून तंबूंच्या रांगा. रात्री दीडपर्यंत स्पीकर चालू. टॉयलेट चढावर, दगडी पायऱ्यांवरून जायचं आणि वाटेत दिवा नाही. रात्री जायला लागू नये म्हणून सासूबाई संध्याकाळपासून पाणीच प्यायल्या नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी मुलीच्या तळपायात काच गेली. ती काच काढताना मी ठरवलं होतं, परत असं काही करायचं नाही. पण मुलगा अजून त्या सकाळच्या धुक्याबद्दल बोलतो.

तर मला सांगा, नदी बरी की धरण? गाडी पाण्याच्या किती जवळ न्यावी? जागेच्या मालकाला आधी काय काय विचारावं? पुण्यापासून दोन-अडीच तासांपेक्षा लांब नको. आणि एक भीती आहे, ती वेडेपणाची वाटली तरी विचारते. रात्री आपण झोपेत असताना पाणी वाढलं तर?

मोजपट्टी
१० नोव्हेंबर, सकाळी ६:१५

ताई, तुम्ही शेवटी विचारलंत तेच सगळ्यात आधी विचारायला हवं. त्यात वेडेपणा काही नाही. बाकी सगळं त्या एका उत्तरावर ठरतं.

मी जलसंपदा खात्यात, आमच्या वेळी पाटबंधारे म्हणायचे, एकतीस वर्षं काढली. बरीचशी नीरेच्या खोऱ्यात. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत. आई मला कडेवर घेऊन निघाली आणि पाणी ओसरल्यावर परतली तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ तिच्या डोक्याच्या वर होती. ती रेघ पाहुण्यांना दाखवली जायची, त्यामुळे मला न आठवणारी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगू शकतो. पुढे नोकरीत रोज पाण्याची पातळी मोजली. आता निवृत्तीनंतर मी आणि सौ. छोटा तंबू घेऊन हिंडतो.

आपल्याकडे लोक आभाळाकडे बघून नदीचा अंदाज बांधतात. पाऊस नाही म्हणजे नदी शांत. पुणे जिल्ह्यात हा हिशेब चुकतो, कारण आपल्या बहुतेक नद्यांच्या उशाला धरण आहे. डिसेंबरमध्ये नदी चढते ती पावसाने नाही, वर कुणीतरी दार उघडलं म्हणून. पवनेचं उदाहरण घ्या. धरणातून सोडलेलं पाणी पात्रातूनच खाली येतं आणि रावेतच्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवडला उचललं जातं. भाटघरचं पाणीही नदीतूनच वीर धरणापर्यंत जातं आणि तिथून नीरेच्या दोन्ही कालव्यांना मिळतं. खाली उसा-गव्हाला आवर्तन, म्हणजे कालव्यातून पाण्याची पाळी, सुरू झालं की वरच्या पात्रात पाणी वाढणारच. ढगाचा ठिपकाही लागत नाही.

सात-आठ वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आम्ही याच टप्प्यात, भाटघरच्या खाली, एका मित्राच्या शेतात उतरलो होतो. शेत नदीपासून चांगलं दोन पुरुष उंच. माझी जुनी सवय आहे, संध्याकाळी पाण्याच्या कडेला बरोबर रेषेवर एक काडी रोवायची आणि तिला लाल दोरा बांधायचा. खाली पात्रातल्या वाळूवर एका कुटुंबाने तंबू टाकला होता. मी जाऊन सांगितलं, वर या, शेतात जागा आहे. त्यांनी हसून पाणी दाखवलं, घोट्याएवढं होतं. मीही फार ताणलं नाही. पहाटे साडेचारला उठलो, बॅटरी मारली तर काडी दिसेना. दोरा पाण्याखाली गेला होता. धावत गेलो. तंबूच्या दाराशी पाणी आलेलं आणि लहान मुलीची गुलाबी चप्पल एका जागी गोल गोल फिरत होती. सगळे सुखरूप वर आले. दहा मिनिटांनी तंबूची जागा दिसत नव्हती. संध्याकाळी मी आणखी दोनदा सांगायला हवं होतं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. म्हणून इथे इतकं लांबण लावतोय.

आता तुमच्यासाठी. जागा बघायला दिवसाउजेडी जा आणि पाण्याकडे बघण्याआधी झुडपांकडे बघा. करंजाच्या, जांभळाच्या फांद्यांत वाळलेलं गवत, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसतील. त्या सगळ्या साधारण एकाच उंचीवर असतात. गेल्या पावसाळ्यात नदी तिथपर्यंत होती. झोपायची जागा त्या रेषेच्या वर, मग ऋतू कुठलाही असो. सरकारी नकाशात दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. सहलीला नकाशा घेऊन कुणी जात नाही, पण गावातल्या म्हाताऱ्या माणसाला ती रेषा पाठ असते. "मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?" एवढंच विचारा. तो हात करून दाखवतो, देवळाची पायरी, वडाचा पार असं काहीतरी.

मुलं पाण्यात पाय घालणारच, आणि घालावेतच. नदी वळते तिथे बाहेरच्या काठाला डोह असतो आणि आतल्या काठाला वाळू साचते. बाहेरच्या बाजूला काठ खालून पोखरलेला असतो, वरून गवत दिसतं आणि पाय ठेवला की ढासळतो. मुलांना आतल्या वळणाला न्या. केटी म्हणजे कोल्हापुरी बंधाऱ्यापासून मात्र लांब राहा. पावसाळा संपला की त्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, मागे पाणी शांत आणि खोल उभं असतं. ते शांत दिसतं म्हणूनच माणसं तिथे उतरतात.

नदी की धरण, तर या वेळी धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे साठलेल्या पाण्याचा काठ, बरा. तिथे डिसेंबरात पाणी रोज थोडं थोडं उतरत जातं, रात्रीत अंगावर येत नाही. सासूबाईंना नदीकाठची सवय आहे, त्यांना वाहत्या पाण्याचा आवाज हवा असणार, ते मला कळतं. त्यासाठी दिवसा एक फेरी नदीवर करा. खेळायला पाण्याजवळ, झोपायला पाण्यापासून वर.

कोलाडवारी
१० नोव्हेंबर, दुपारी १:०५

ताम्हिणी उतरून कोलाडला जा ना. कुंडलिका बारमाही वाहती, राफ्टिंग, काठावर भरपूर जागा. मुलगा खूश होईल. आम्ही दर वर्षी जातो.

मोजपट्टी
१० नोव्हेंबर, दुपारी ३:३०

कोलाड सुंदर आहे, पण मी वर जे म्हटलं त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण तेच. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून खाली येतं आणि त्या सोडलेल्या पाण्यावरच कुंडलिकेतलं राफ्टिंग चालतं. सकाळी गुडघाभर असलेलं पात्र थोड्या वेळात फेसाळत वाहायला लागतं. राफ्टिंगवाल्यांना वेळ ठाऊक असते, काठावर भांडी घासणाऱ्या पाहुण्याला नसते. गेलात तर मुक्काम उंचावर आणि पाण्याची वेळ विचारूनच खाली उतरा. नऊ वर्षांच्या मुलाला राफ्टमध्ये घेतात का, हेही आधी विचारा. शिवाय ताम्हिणीची वळणं पहिल्यांदाच मोठी गाडी चालवणाऱ्याला जड जातील.

चाकावरचं_घर
१० नोव्हेंबर, रात्री ९:५०

काकांनी पाण्याचं सांगितलं, मी गाडीचं सांगते. आमचीही ट्रॅव्हलर आहे, चार वर्षं झाली.

आधी कागद. गाडीचं आरसी बुक स्वतः बघा. त्यात मोटार कॅरव्हान किंवा कॅम्पर म्हणून नोंद हवी. कॅरव्हानसाठी एआयएस-१२४ असं वेगळं मानक आहे, आणि गाड्या तपासणारी एआरएआय तर आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. गाडीची आतून मोडतोड करून पलंग टाकले आणि आरसीवर काहीच नाही, असं असेल तर अपघातात विमा कंपनीशी भांडत बसावं लागतं. भाड्याने द्यायचा परवाना आहे का तेही विचारा. तुमच्या यजमानांचं लायसन्स साध्या गाडीचं असेल तरी ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला चालतं, सुप्रीम कोर्टाने २०२४च्या नोव्हेंबरात ते पक्कं केलंय. पण निघण्याआधी एका रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर तासभर गाडी मागे घ्यायचा सराव करा. त्या वेळी मागे उभं राहून हात कोण दाखवणार, तेही ठरवून टाका. आमच्याकडे ते काम माझं आहे आणि आमच्या खुणा ठरलेल्या आहेत. मूठ दाखवली की जागच्या जागी थांबायचं, प्रश्न विचारायचा नाही.

चालत्या गाडीत मुलांना पलंगावर झोपवू नका. हट्ट करतील, तरी नको. सीट आणि पट्टा.

आता काठ. आमची पहिलीच ट्रिप भिगवणला होती, उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला. सोलापूर रस्ता सरळ, गाडीला काही त्रास नाही. संध्याकाळी पाण्याजवळ एक मोकळं पटांगण दिसलं, वरून सुकलेलं, भेगा पडलेल्या. गाडी घातली. ती गाळपेराची जमीन होती, धरणाचं पाणी उतरल्यावर उघडी पडलेली. वरची खपली दोन इंच, खाली लोण्यासारखा काळा गाळ. मागची चाकं जागेवर फिरायला लागली आणि दहा मिनिटांत गाडी पोटावर बसली. अंधार पडलेला, माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा, आणि आम्ही एका बाजूला कललेल्या घरात रात्र काढली. सकाळी एका शेतकरी दादांनी ट्रॅक्टर आणून बाहेर काढलं आणि पैसे घेतले नाहीत. चहा तेवढा घेतला. तेव्हापासून मी गाडी थांबवून आधी उतरते, टाच जोरात आपटते आणि मुठीएवढी माती उकरून पिळून बघते. मुरूम असेल तर हातात भुगा होतो, गाडी न्या. गोळा झाला आणि बोटांचे ठसे उमटले तर परत फिरा. गाडीचं तोंड नेहमी बाहेरच्या रस्त्याकडे करून लावा. वरची तारही बघा. खेड्यात वीजेच्या तारा लोंबत असतात आणि तुमच्या गाडीच्या टपावर एसी असला तर उंची तीन मीटरच्या आसपास जाते. मालकाकडून नेमका आकडा घेऊन चिठ्ठी स्टिअरिंगसमोर चिकटवा.

जागेवर वीज देतो म्हणाले तर प्लगमध्ये टेस्टर लावून अर्थिंग आहे का बघायचं. पाण्याकाठी ओल्या पायांनी माणसं वावरतात, म्हणून हे मी कधीच सोडत नाही. अर्थिंग नसेल तर बॅटरीवर राहा. २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट वीज. दीड हजार वॉटची इंडक्शन तासभर चालवली की त्यातली दीड युनिट संपते. म्हणून स्वयंपाक गॅसवर, आणि गॅस चालू असताना एक खिडकी आणि टपावरची झडप उघडी. थंडी आहे म्हणून कोळशाची शेगडी गाडीत किंवा तंबूत अजिबात घेऊ नका, विझत आलेलीही नाही. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. भाच्याला हे तोंडावर सांगा. तंबूत तो झोपणार आहे.

टॉयलेट सासूबाईंसाठी राखून ठेवा, बाकीच्यांनी जागेवरचं वापरा. टाकी छोटी असते. ती कुठे रिकामी करायची हे बुकिंग करतानाच विचारा. सेप्टिक टँकमध्ये ओतू देतात का? नाही म्हणाले तर झाकण घट्ट लावून घरी आणायची. नदीत किंवा काठच्या खड्ड्यात ओतायची नाही. भांड्यांचं पाणीसुद्धा आम्ही पाण्यापासून लांब, झाडाच्या बुंध्याशी टाकतो, साबणाऐवजी राख वापरतो. इंद्रायणीचा आळंदीतला फेस ज्याने पाहिलाय त्याला याचं कारण सांगावं लागत नाही.

मावळवाट
११ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

ताई, मी पवन मावळातला. पवना धरणाच्या काठाला आमचं शेत आहे, हंगामात चार तंबू लावतो. चारच, कारण घरात आई आणि बायको मिळून तेवढ्याच लोकांचं जेवण नीट होतं. तुमचा मागचा अनुभव वाचून वाईट वाटलं.

खरं सांगायचं तर नाताळ ते एकतीस तारीख आमच्याकडे येऊ नका. आमच्या शेतात शांतता असली तरी आवाज पाण्यावरून समोरच्या काठाचा येतो, तो आमच्या हातात नाही. शाळेला सुट्टी असेल तर त्याच्या आधीचे सोमवार, मंगळवार धरा. तेव्हा तुंग, तिकोना, लोहगड सगळे असतात आणि तुम्हीच असता.

फोनवर विचारायचं ते सांगतो. टॉयलेट तंबूपासून किती पावलं आणि वाटेवर दिवा आहे का. पायऱ्या किती. जमीन कुणाची, सातबारा कुणाच्या नावावर. रात्री किती वाजता आवाज बंद. बोटीत बसवता तर लाइफ जॅकेट लहान मुलाच्या मापाचं आहे का. मोठ्या माणसाचं जॅकेट पोराला घातलं तर ते पाण्यात वर सरकतं आणि पोर खाली जातं. आणि मुख्य म्हणजे रात्री मालक तिथे झोपतो का. जो स्वतः तिथे झोपत नाही त्याच्याकडे राहू नका.

आमच्याकडे पाण्यात पोहायला आम्ही सोडत नाही. पाहुणे रागावतात. पण वरून आरशासारखं दिसणारं हे पाणी म्हणजे आमच्या आज्यापणज्यांची गावं आहेत. तळाशी बांध, विहिरी, झाडांची खोडं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं, तेव्हा लोकांना पटतं. त्यात मासेमारीची नायलॉनची जाळी. पट्टीचा पोहणारासुद्धा जाळ्यात पाय अडकला की काही करू शकत नाही. जून-जुलैत तर ओढ्या-धबधब्यांनाही जाऊ नका. ३० जून २०२४ला भुशीच्या मागच्या धबधब्यात पुण्याचं कुटुंब वाहून गेलं, ती जागा आमच्यापासून काही लांब नाही. पाण्याचा लोंढा यायला वर डोंगरात पडलेली एक सर पुरते.

डिसेंबरात दव फार पडतं. रात्री थंड हवा डोंगरावरून उतरून पाण्याच्या खोलगट जागेत साचते. तंबूच्या कापडाला पाठ लावून झोपलं की पहाटे शर्ट ओला. वरचं कापड ताणून बांधा, दोन कापडांत हवा खेळू द्या, आणि आजींना कानटोपी. काचेच्या बाटल्या आणू नका. संध्याकाळी गावची म्हसरं पाण्यावर येतात, गेल्या वर्षी आमच्या म्हशीचा खूर फाटला, महिनाभर लंगडत होती. तुमच्या मुलीच्या पायात गेली तशीच काच.

जेवायला नवा इंद्रायणी तांदूळ मिळेल. तो आमच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातलाच. भात शिजला की वास शेजारच्या शेतापर्यंत जातो.

दोन_पिल्लांची_आई
११ नोव्हेंबर, रात्री ११:००

तुम्ही सगळ्यांनी किती जीव तोडून लिहिलंत. मी काल रात्री सासूबाईंना मोजपट्टी काकांचं उत्तर वाचून दाखवलं. गुलाबी चपलेपाशी त्यांनी मला थांबवलं आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, आमच्याकडे आजोबा खुंटी रोवायचे, काडी नाही.

शाळेची सुट्टी सोमवारपासून आहे, रजा बदलून मागितली आहे. मावळवाट दादा, तुम्हाला निरोप टाकते.

दोन_पिल्लांची_आई
२६ डिसेंबर, सकाळी ११:३०

आलो परत. सगळे ठणठणीत.

सोमवारी दुपारी पोचलो. मी आधी उतरून माती पिळून पाहिली, भुगा झाला. यांनी गाडी मागे घेतली, मी मूठ दाखवली, हे थांबले. गाडी पाण्यापासून चांगली साठ-सत्तर पावलं वर, तोंड रस्त्याकडे. पहिल्यांदा मुलं हिरमुसली, पाणी लांब वाटलं त्यांना. मग मुलाने काडी रोवायला नेली. सासूबाई त्याच्यामागून काठी टेकत उतारावरून हळूहळू खाली गेल्या, आणि काडी काढून टाकायला लावून त्यांनी एक जाड खुंटी दगडाने ठोकून घेतली. दोरा त्यांच्याच कापसाच्या वातीचा, हळदीत बुडवलेला.

रात्री काळोख असा की मुलगी माझा हात सोडेना. मग सासूबाईंनी तिला मांडीवर घेऊन पूर्वेकडे वर आलेलं मृग दाखवलं, पोटातला तीन चांदण्यांचा बाण, आणि मागून येणारा व्याध. मला त्यातलं काही येत नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांना आकाश इतकं पाठ आहे हे मला माहीत नव्हतं. धायरीत कधी दिसलंच नाही तर त्या दाखवणार कुठे. कुठेतरी टिटवी ओरडली तेव्हा त्या म्हणाल्या, कुणीतरी चाललंय काठाने. खरंच, जरा वेळाने मावळवाट दादांचे वडील कंदील घेऊन तंबूचे दोर बघायला आले.

सासूबाई रात्री दोनदा उठल्या, गाडीतल्या गाडीत. आणि त्या दिवशी त्यांनी पोटभर पाणी प्यायलं. माझ्यासाठी ट्रिप तिथेच सार्थकी लागली. भाच्याचं पांघरूण मात्र दवाने भिजलं, कापड त्याने नीट ताणलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी धुकं इतकं की पाणी दिसेना. मुलगा खुंटी शोधत गेला आणि ओरडत आला. पाणी खुंटीपासून दोन बोटं मागे गेलं होतं. बुधवारी निघताना आणखी दोन. खंड्या त्याच खुंटीवर येऊन बसला होता, आम्ही त्याला उडू दिल्यावरच खुंटी काढली. दुपारी येताना नदीवर थांबलो, आतल्या वळणाला. सासूबाई पाण्यात पाय सोडून बसल्या, मुलांनी चपट्या दगडांच्या भाकऱ्या काढल्या. आवाज भरपूर होता पाण्याचा.

काका, मुलाचा तुम्हाला एक प्रश्न आहे. तसाच लिहिते. एवढ्या मोठ्या तळ्याची उंची एक बोट कमी झाली तर किती बादल्या पाणी गेलं?

मोजपट्टी
२६ डिसेंबर, दुपारी १२:१०

आधी त्याला सांगा, उतारावर मागे सरकलेली दोन बोटं आणि उंचीने कमी झालेली दोन बोटं यांत फरक आहे. काठ जितका सपाट तितकं पाणी जास्त मागे गेलेलं दिसतं. पुढच्या वेळी खुंटी पाण्यात उभी रोवायची आणि तिच्यावर खुणा करायच्या. खात्यात आम्ही तेच करायचो.

बोट म्हणजे एक सेंटिमीटर धरू. एक हेक्टर पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की १०० घनमीटर पाणी जातं, म्हणजे एक लाख लिटर. वीस लिटरच्या पाच हजार बादल्या. आता तळं किती हेक्टर आहे ते त्याने काढायचं. नकाशावर चौकोनी कागद ठेवून चौकोन मोजायचे, अर्धे-अर्धे जोडून एक धरायचे. आकडा आला की कळवा, मी वाट बघतो. सासूबाईंना नमस्कार. खुंटी त्यांचीच बरोबर.